सुभद्राबाईंचा कूलर

मी आयुष्यभर काय काम केलं हे माझ्या सख्ख्या नणंदेला अजून नीट उमगलेलं नाही. लग्नकार्यात माझी ओळख करून देताना ती म्हणते, "आमच्या वहिनी डॉक्टर आहेत, पण पेशंट तपासत नाहीत." समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो, जणू बाईंच्या हातून काहीतरी घडलं असावं आणि सरकारने मनाई केली असावी. मग मी घाईघाईने सांगते, "सूक्ष्मजीवशास्त्र." "म्हणजे रक्त-लघवी," असं म्हणून तो जिलेबीकडे वळतो.

तर आधी ते रक्त-लघवीचं सांगून टाकते. आजारी माणसाच्या अंगात जंतू शिरलेला असतो. तो कोण आहे आणि कशाने मरेल, हे शोधणं माझं काम. जखमेतला पू, रक्त, थुंकी, जे येईल ते आम्ही एका छोट्या झाकणाच्या बशीत पसरतो. बशीत जंतूंना आवडेल असं खाणं खरवसासारखं थिजवलेलं असतं. अंगाएवढ्या उबेत ती ठेवली की दुसऱ्या दिवशी जंतूंची वस्ती डोळ्यांना दिसते. मग त्याच जंतूचं दुसऱ्या बशीत दाट पीक घ्यायचं आणि पेरतानाच त्यावर अँटिबायोटिकच्या टिकल्या ठेवायच्या. कपाळाला लावतात तेवढ्याच कागदी चकत्या, प्रत्येकीत वेगळं औषध. ज्या औषधाला जंतू भितो त्या टिकलीभोवती काही उगवत नाही, स्वच्छ गोल कडं उरतं. ज्याला तो जुमानत नाही तिथे तो टिकलीला खेटून वाढतो. कडं मोजायचं आणि वॉर्डात कळवायचं, हे द्या, ते देऊ नका. एवढ्यावर माझं पोट चाललं.

नोकरीला लागले तेव्हा ती कडी चांगली गरगरीत यायची. वर्षांमागून वर्षं मी ती लहान होताना पाहिली. धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांतले जंतू गोठवून ठेवायचे, जुने आणि नवे ताडून बघायचे, कोणतं औषध कधीपासून निकामी झालं याचा माग काढायचा, हे माझं संशोधन. लोक विचारत, यातून नवं औषध निघेल का? नाही. जुनी औषधं कशी हातची गेली एवढंच त्यातून कळत होतं, आणि ते कळून घेणारा माणूस कार्यक्रमात कुणाला फारसा आवडत नाही.

आपल्याकडे औषध ही उसनी द्यायची वस्तू आहे. शेजारीण विरजण मागते तितक्या सहज उरलेल्या गोळ्या मागते. दोन दिवसांत बरं वाटलं की बाकीची पट्टी डब्यात जाते, पुढच्या तापाला निघते, तीही सुनेच्या किंवा भाच्याच्या. जळगावला होते तेव्हा नशिराबादचे एक आबा पायाची जुनी जखम घेऊन आले होते. काय काय औषधं घेतली, असं विचारलं तर म्हणाले, डॉक्टरांचं संपलं, मग मेहुण्याचं घेतलं, मग म्हशीचं. म्हशीच्या सडाची सूज ज्या इंजेक्शनने उतरली, तेच उरलेलं त्यांनी स्वतःला टोचून घेतलं होतं. वर मलाच विचारलं, "म्हशीले लागू पडलं, मंग मले काहून नाही पडत?" बाहेर बसलेले लोक हसले. मी त्यांची बशी पाहून आले होते, त्यामुळे मला हसू आलं नाही. डॉक्टर मंडळीही याहून फार शहाणी होती असं नाही. चार औषधं अंदाजाने देऊन झाल्यावर, हात टेकल्यावर, आमच्याकडे नमुना यायचा.

पण मला लिहायचं आहे ते एका कूलरबद्दल.

नोकरीची बरीच वर्षं मी धुळ्याच्या एका मोठ्या रुग्णालयात काढली. नाव लिहीत नाही, कारण असा वॉर्ड कुठेही सापडेल. जळीत वॉर्ड वरच्या मजल्यावर, पश्चिमेकडे. एसी मंजूर झालेला होता आणि मंजूर अवस्थेतच राहिला होता. मे महिन्यात आमच्याकडे ऊन कसं मी म्हणतं हे खानदेशी माणसाला सांगायला नको. ज्याची कातडी भाजून गेली आहे त्याला त्या भिंतींच्या आत काय होत असेल, याची कल्पना करायला मात्र माणसाला वॉर्डात उभं राहावं लागतं.

त्या वॉर्डात गारव्याची एकच जागा होती, सोनगीरच्या नानांनी दिलेला कूलर. सोनगीर म्हणजे धुळ्याहून आग्रा रस्त्याने निघालं की किल्ल्याची टेकडी दिसते ते गाव. तांब्या-पितळेची भांडी घडवणारी घरं तिथे होती, नाना त्यातले. उंच, वाकलेले, ठोकून ठोकून ऐकू कमी येणारे. त्यांची बायको सुभद्राबाई भट्टीजवळ पदर पेटून भाजली आणि याच वॉर्डात गेली. मी धुळ्याला येण्याआधीची ही गोष्ट. शेवटी ती एकच म्हणत होती, "उकडस, वारा घाला." नाना पुठ्ठ्याने वारा घालत बसायचे. ती गेल्यावर त्यांनी एक दांडगा लोखंडी कूलर आणून वॉर्डात बसवला आणि त्यावर स्वतःच्या हाताने अक्षरं ठोकलेली तांब्याची पाटी लावली: "कै. सुभद्राबाई यांच्या स्मरणार्थ. सर्वांना गार वारा मिळो."

दर वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाना यायचे. आखाजीला आपल्याकडे घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. सुभद्राबाईंच्या नावाची घागर नाना घरी पुजायचे, मग तिचं पाणी एसटीने धुळ्याला आणून कूलरच्या टाकीत ओतायचे. सोबत वाळ्याची जुडी. त्या दिवशी कूलर सुरू व्हायचा आणि पाऊस पडेपर्यंत चालायचा. मधे मधे येऊन नाना स्वतः पाणी भरून जायचे, एरवी पेशंटचे नातेवाईक वरून बादली ओतायचे. वॉर्डातले कर्मचारी कूलरला हात लावायचे नाहीत. तो नानांचा होता. मुख्य परिचारिका वसावे सिस्टर, जिच्या धाकाने वॉर्डात माशीसुद्धा बसत नसे, तीसुद्धा रोज सकाळी त्या पाटीवरची धूळ पुसायची आणि बाकी कूलरकडे बघायची नाही. मलाही तो कूलर आवडायचा. नमुने घ्यायला वर गेले की मी घटकाभर त्याच्यासमोर उभी राहायची. वाळ्याचा वास यायचा.

त्या वर्षी आखाजीनंतर थोड्याच दिवसांत वॉर्डातून एका ट्रकचालकाचा पू आला. महामार्गावर त्याचा ट्रक पेटला होता. तो परराज्यातला, जवळ कुणी नाही. त्याची पट्टी निळसर हिरवी झाली होती. बशीवरही तोच रंग उगवला, आणि आंबलेल्या द्राक्षांचा गोडसर वास आला. बशी हुंगू नये असा आमच्यात नियम आहे, पण हा वास हुंगावा लागत नाही, झाकण उचललं की तो आपणच येतो. स्यूडोमोनास. ओलाव्यात राहणारा, भाजलेल्या जखमेवर टपून असलेला जंतू. तो दिसला याचं मला आश्चर्य वाटलं नाही. वेगळं दिसलं ते दुसऱ्या दिवशी, टिकल्या बघताना. एकाही टिकलीभोवती कडं नव्हतं. सगळ्या टिकल्या हिरव्या पिकात बुडाल्या होत्या. आमचा अहवाल वॉर्डात पोचला त्याच दिवशी तो माणूस गेला.

मग आणखी एकाची पट्टी हिरवी झाली. त्याची जखम लहान होती, तो निभावला. आणि त्यानंतर नजमाची.

नजमा ही अन्वरभाईंची मुलगी. अन्वरभाई धुळ्यातले शिंपी. ती सासरहून माहेरी आली होती, स्वयंपाकघरात गॅसची नळी सुटली आणि ती पाठमोरी असताना भडका उडाला. मान, पाठ, पायांच्या मागची बाजू. त्यामुळे तिला पोटावर निजवलेलं असायचं, तोंड एका कुशीला. नुकतीच चालायला लागलेली तिची मुलगी आजीच्या कडेवर व्हरांड्याच्या खिडकीशी यायची आणि आई तोंड का फिरवत नाही म्हणून रडायची. सर्जन डॉ. सोनवणे म्हणाले होते की भाजणं मोठं आहे, पण वय तरुण आहे, जंतू शिरला नाही तर ही पोरगी घरी जाईल. जंतू शिरला होता.

अन्वरभाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. गळ्यात मोजपट्टी तशीच, दुकानातून निघाले तसे आलेले. म्हणाले, "मॅडम, भारीतली भारी दवा लिहा. हलकी देऊ नका."

हे मी हजारदा ऐकलेलं वाक्य. एरवी मी त्यावर व्याख्यान दिलं असतं, की औषध हलकं-भारी नसतं, लागू असतं किंवा नसतं. त्यांच्यापुढे ते तोंडातून निघेना. मी सांगितलं, "एकच औषध उरलंय, अन्वरभाई. जुनं आहे. किडनीला त्रास देतं म्हणून डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं होतं, त्याची टिकलीही आम्ही लावत नव्हतो. आता तेच द्यावं लागेल."

"आणि त्यानं नाही झालं तर?"

"मग माझ्याकडे काही नाही."

त्यांनी मोजपट्टी गळ्यातून काढली, नीट गुंडाळली आणि खिशात ठेवली. मग वर गेले.

तीन माणसं, एकच वॉर्ड, बशीवर एकच चित्र. याचा अर्थ जंतू वॉर्डातच कुठेतरी राहत होता आणि तिथून माणसांवर जात होता. तो सापडेपर्यंत नजमाला औषध देणं म्हणजे गळकी बादली भरणं. आम्ही नळांच्या तोट्या पुसून नमुने घेतले. मलमाचे डबे, जखमा धुवायचं पाणी, ट्रे, कात्र्या, गाद्या. सगळ्यांचे हात. वसावे सिस्टरचा हात पुढे आला तेव्हा तिचा चेहरा पाहवेना. "मॅडम, माझ्या वॉर्डात?" एवढंच ती बोलली. तिचे हात स्वच्छ निघाले. सगळंच स्वच्छ निघालं. घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. सोनवणे माझ्यावर डाफरले, की तुमच्या बशा राहू द्या, माझा पेशंट चालला.

नजमाचा पुन्हा नमुना घ्यायला मी वर गेले. भर दुपार होती. सवयीने कूलरसमोर थांबले. त्या दिवशी नाना आलेले होते. धोतर खोचून, घरून आणलेल्या कॅनमधून टाकीत पाणी ओतत होते. त्यांचं झाल्यावर एका पेशंटचा भाऊ आला, त्याने त्याच टाकीत मग बुडवला, फडकं ओलं केलं आणि जाऊन भावाच्या मानेवर ठेवलं. माझ्या तोंडावर गार, दमट वारा येत होता. त्यात बारीक तुषार होते. इतकी वर्षं ते तुषार मला सुखाचे वाटत आले होते.

मी नानांच्या कानाशी जाऊन विचारलं, "नाना, टाकीतलं जुनं पाणी कधी काढता?"

त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. "पानी फेकतस का, बाई? मे महिनामा?" आणि मग जरा दुखावून, "घागरनं पानी शे ते. सुभद्रानं."

नळाला आठवड्याने पाणी येणाऱ्या शहरात तळाचं पाणी कोण फेकेल? आणि पितरांच्या नावाने भरलेल्या घागरीचं पाणी कुणी गटारात ओतेल का? नाना दर आखाजीला नवं पाणी जुन्यात मिसळत आले होते. पावसाळ्यात कूलरवर चादर पडायची, तळाशी उरलेलं ओल धरून राहायचं, पुढच्या वर्षी त्यात पुन्हा घागर. वॉर्डातली माणसंही याच मातीतली, त्यांनी ते कधी ओतलं नाही. मी जळगावची, माझ्या आईने जन्मभर आखाजीची घागर भरली. माझ्याही डोक्यात ते पाणी नमुना घ्यायची वस्तू म्हणून आलं नव्हतं.

मी बाटली बुडवली. नाना कौतुकाने बघत होते. त्यांना वाटलं, बाई तीर्थ नेते आहे.

त्या पाण्याची बशी हिरवी झाली. वाळ्याच्या जाळीची त्याहून हिरवी. झाकण उचललं आणि द्राक्षांचा वास आला. टिकल्यांचं चित्र नजमाच्या बशीशी ताडून पाहिलं, तंतोतंत तेच. पुढे मोठ्या प्रयोगशाळेत जंतूंची जनुकं जुळवून घेतली, तीही जुळली. पण मला त्या दिवशीच कळलं होतं.

कूलर बंद केला. लगेच वॉर्डात हलकल्लोळ झाला. नातेवाईक अंगावर आले. कुणी म्हणालं, माणसं अशीच भाजलेली आहेत, आता तुम्ही शिजवायला निघालात का? मी समजावत खाटांमधून हिंडत होते. नजमापाशी आले तेव्हा तिने डोळे उघडले. ओठ सुकलेले. म्हणाली, "तुमच्या खोलीत एसी आहे ना, मॅडम?"

होता. आमच्या प्रयोगशाळेत एसी होता, यंत्रांसाठी.

नानांना कोण सांगणार, हा प्रश्न निघाला. सोनवणे म्हणाले, कार्यालयाकडून एक पत्र पाठवा. मी म्हटलं, मी सांगते. त्यांना माझ्या खोलीत बसवलं, चहा मागवला. टेपने बंद केलेली बशी त्यांच्या हातात दिली आणि काय झालं ते सगळं सांगितलं, मोठ्याने, कारण त्यांना ऐकू येत नव्हतं. इतकी वाईट गोष्ट मी कधी इतक्या मोठ्या आवाजात सांगितलेली नाही. त्यांनी बशी उजेडाकडे धरली. भांड्याला पोचा आहे का हे बघावं तशी फिरवून पाहिली.

"हाई मना पानीमा व्हतं?"

"हो."

त्यांनी बशी टेबलावर ठेवली. मग विचारलं, "मंग सुभद्रा बी यानापायीच गयी का?"

याचं उत्तर मला येत होतं आणि ते देताना मला जिवात जीव आल्यासारखं झालं. "नाही, नाना. तेव्हा इथे कूलर कुठे होता? तो तुम्ही नंतर दिला."

त्यांनी मान हलवली. चहाचा कप उचलला, पुन्हा ठेवला. आणि मला ज्या प्रश्नाची भीती होती तो आला.

"मना कूलरनापायी कितला गयात?"

माझ्या कूलरमुळे किती गेले? खोटं बोलायला हरकत नव्हती. कुणी नाही, असं म्हटलं असतं तर मला कोण विचारणार होतं? पण ज्याचा पुरावा नाही ते बोलायचं नाही, ही सवय हाडीमांशी भिनलेली. मी म्हटलं, "माहीत नाही, नाना. आधीच्या वर्षांत जे गेले त्या सगळ्यांचे नमुने आमच्याकडे आले नव्हते. यंदा एक माणूस गेला. त्याच्या अंगात हा जंतू होता. तो जंतूने गेला की भाजण्याने, तेही मला सांगता येत नाही. पण चूक तुमची नाही. टाकी रिकामी करून धुवायची, हे काम रुग्णालयाचं होतं. तुम्ही दान दिलं, आम्ही ते सांभाळलं नाही."

शास्त्राला धरून बोलले. एक शब्द चुकीचा नव्हता. नानांनी त्यातलं "माहीत नाही" एवढंच ऐकलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. त्या दिवशी मला खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. आणि पुन्हा तोच दिवस आला तर मी तेच बोलेन, हेही माहीत आहे.

निघताना ते दारात थांबले. "बाई, तांबानी टाकी करी देऊ का? तांबामा पानी खराब व्हत नही."

त्यात तथ्य होतं. तांब्यावर जंतू तग धरत नाहीत, आम्हीही ते तपासून पाहिलेलं आहे. पण कूलरला जाळ्या असतात, धूळ असते, पंप असतो. जळलेल्या माणसांच्या खोलीत उघड्या पाण्यावरचा वारा नकोच. मी तसं सांगितलं. ते वर गेले, खिशातून पक्कड काढून पाटीचे खिळे उपटले, पाटी उपरण्यात गुंडाळली आणि गेले. वसावे सिस्टर जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेली.

नजमाला जुनं औषध सुरू होतं. ताप उतरेना, आणि लघवी कमी होत गेली. ज्या औषधाने जंतू मरायचा त्यानेच किडनी बसत होती. सोनवणे आणि मी रोज भांडायचो, ते म्हणायचे डोस कमी करा, मी म्हणायची कमी केला तर जंतू यालाही सरावेल, मग आपण काय करणार? शेवटी ना त्यांचं ना माझं, असं मधलं ठरलं. अन्वरभाई वॉर्डाबाहेर बाकावर बसून असायचे. मला पाहिलं की उठून उभे राहायचे आणि काही विचारायचे नाहीत. मला त्यांच्यासमोरून जाणं जिवावर यायचं. मग एका सकाळी पट्टी काढली तर ती पांढरी होती. पुढच्या वेळीही पांढरी. रक्ताच्या बशीत काही उगवलं नाही. किडनी हळूहळू सावरली. मांडीची कातडी काढून पाठीवर लावली, ती धरली. आता वारा नव्हता, आणि ऊन तसंच होतं. वसावे सिस्टरने कुठूनतरी चादरी मिळवून, ओल्या करून खिडक्यांना बाहेरून टांगल्या आणि त्या रोज उकळून घेतल्या.

पाऊस सुरू झाल्यावर नजमाला घरी सोडायचं ठरलं. मी भेटायला गेले. ती आता बसू शकत होती, मान मात्र वळत नव्हती. म्हणाली, "ती सुभद्राबाईंची पाटी कुठे गेली?"

मी सांगितलं, नाना घेऊन गेले.

"त्यांना बोलवाल का? पाटी घेऊन या म्हणावं."

सोनगीरचा एक वॉर्डबॉय होता, त्याच्या हाती निरोप धाडला. मला वाटलं, नाना येणार नाहीत. ते आले. पण दाराच्या आत येईनात. चपला हातात घेऊन उंबऱ्यापाशी उभे राहिले, आणि तिथूनच हात जोडून म्हणाले, "माफ कर, माय."

"नाना, इकडे समोर या," नजमा म्हणाली. "माझी मान वळत नाही."

ते समोर आले. ती सावकाश, मोठ्याने बोलली, त्यांना ऐकू यावं म्हणून.

"मी पोटावर पडून असायचे. एका कुशीला तोंड. दिसायचं काय, तर तुमचा कूलर आणि ही पाटी. मी मराठी शाळेत शिकले, नाना. दिवसभर तेवढंच वाचायचे. मग त्यांच्याशी बोलायला लागले. म्हणायचे, सुभद्राबाई, तुम्ही इथेच होतात, तुम्हाला ठाऊक आहे कसं होतं ते. आजचा दिवस काढून द्या. असं रोज."

नाना म्हणाले, "माय, त्याच वारामा जहर व्हतं."

"असेल. मॅडम सांगतात म्हणजे असेल. पण सुरुवातीला तो वारा नसता तर मी तेवढेही दिवस काढले नसते." मग माझ्याकडे नजर फिरवून, "ते तुमच्या बशीत दिसतं का, मॅडम?"

मी म्हटलं, "नाही."

नाना तिथेच जमिनीवर बसले आणि उपरण्यात तोंड घालून रडले. अन्वरभाई त्यांच्या शेजारी खाली बसले आणि पाठीवर हात ठेवून राहिले. बऱ्याच वेळाने नानांनी पिशवीतून पाटी काढली आणि तिच्यापुढे धरली. "तुले ऱ्हाऊ दे."

नजमाने तिच्यावरून बोटं फिरवली. ठोकलेल्या अक्षरांवरून, एकेक. मग म्हणाली, "नको, नाना. माझ्यानंतर कुणी येईलच ना इथे, पोटावर पडलेली. तिला बघायला काहीतरी पाहिजे."

पाटी भिंतीवर बसवली. कुठे, ते नजमानेच दाखवलं, पडलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशी, खाटेच्या उंचीवर. नवे डॉक्टर आले की विचारायचे, ही एवढी खाली का लावली, कुणाच्या लक्षात येत नाही. वसावे सिस्टर म्हणायची, ज्याच्या यायची त्याच्या येते. एसी पुढे आला. तोही वॉर्डाच्या नमुन्यांच्या यादीत गेला, त्याच्या जाळ्या, नळ, मलमं, हात, सगळ्यांबरोबर. आणि त्या यादीत मी माझ्या हाताने पाटीही घातली होती. नाना आखाजीला येत राहिले, नुसते, हात हलवत. मला भेटून विचारायचे, "काही निंघनं का, बाई?" मी सांगायची, नाही. हे मात्र मला पुराव्यासकट सांगता येत होतं.

मी निवृत्त होईपर्यंत त्या पाटीचा नमुना स्वतः घेतला. तांब्यावर जंतू टिकत नाहीत, त्यात नवल काहीच नाही. तरी दर वेळी मी बशी उजेडात धरून नीट पाहायची. तिच्यावर कधी काही उगवलं नाही.